गिधाडं गेली आणि माणसं मेली: पाच लाखांचा आकडा आला कुठून?

मृत्यूच्या नोंदीत कारणाचा एक रकाना असतो. त्यात हृदयविकार येतो, ताप येतो, सर्पदंश येतो. खेड्यात बऱ्याचदा नुसतं 'म्हातारपण' येतं. 'आसपास गिधाडं उरली नाहीत' असं कारण त्या रकान्यात आजवर कुणी लिहिलेलं नाही. तरीही २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या अर्थशास्त्रातल्या वजनदार नियतकालिकात छापून आलेला एक शोधनिबंध सांगतो, की २००० ते २००५ या काळात भारतात साधारण पाच लाख माणसं जास्तीची मेली आणि त्याचं मूळ गिधाडं नाहीशी होण्यात आहे.

लेखक दोघे आहेत. शिकागो विद्यापीठातले एयाल फ्रँक आणि ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठातले अनंत सुदर्शन. बातमी आपल्याकडेही फिरली, लोक हळहळले आणि पुढे सरकले. मी मात्र त्या आकड्यापाशी अडकलो. ज्या मृत्यूंचं कारण कुठेच नोंदलेलं नाही ते मोजले कसे? नुसतं 'शास्त्रज्ञ म्हणतात' एवढ्यावर पाच लाख मृत्यू मान्य करायचे नसतील, तर ही मोजणी कशी झाली ते पाहायला हवं.

सुरुवात गिधाडाच्या कामापासून करू. आपल्या देशात २०१९ च्या पशुगणनेनुसार ५३ कोटींहून अधिक पशुधन आहे. गाई-बैल म्हातारे होतात, मरतात, आणि त्यातले बहुतेक कत्तलखान्यात जात नाहीत. मेलेलं ढोर गावाबाहेर, ढोरफोडीच्या जागेवर नेऊन टाकायचं ही जुनी रीत. कातडं सोलून झालं की गिधाडांचा थवा उतरायचा आणि तासाभराच्या आत हाडं तेवढी शिल्लक राहायची. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं जहाल असतं की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच संपतात. म्हणजे हा पक्षी घाण उचलून दुसरीकडे नेऊन टाकत नाही, ती जागच्या जागी संपवतो. हे काम तो फुकट करत होता, त्यामुळे त्याची किंमत कुणाच्या हिशेबात नव्हती.

भाषेत तर त्याला मानही नव्हता. 'गिधाडासारखे तुटून पडले', 'लचके तोडले', सगळे वाक्प्रचार शिवीच्या अंगाने जाणारे. अपवाद एकट्या जटायूचा. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला तो पडला अशी श्रद्धा आहे आणि तिथे लोक हात जोडतात. पण गावाबाहेरच्या झाडावर बसलेल्या त्याच्या भाऊबंदांना कोण हात जोडणार?

राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश तिथे शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८ च्या हंगामात त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरटी करताना मोजल्या. १९९६ मध्ये त्यातल्या निम्म्याही उरल्या नव्हत्या, १९९८-९९ मध्ये जेमतेम २०, आणि त्यानंतर थोड्याच काळात एकही नाही. फांदीवर बसलेल्या गिधाडाची मान हळूहळू खाली लोंबायची, पक्षी दिवसचे दिवस तसाच बसून राहायचा, आणि मग झाडावरून मेलेला खाली पडायचा. देशभराच्या पाहणीतून पुढे जे दिसलं ते आणखी भयंकर होतं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. ९९.९ टक्के हा आकडा डोळ्यांखालून सहज जातो. त्याचा अर्थ, जिथे हजार होती तिथे एक उरलं. लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांची घट मिळून जवळपास ९७ टक्के.

आधी संशय विषाणूवर गेला, मग कीटकनाशकांवर. खरं कारण सापडलं पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स या अमेरिकी पशुवैद्यकाच्या चमूने मेलेली गिधाडं उघडून पाहिली, तर बहुतेकांच्या काळजावर, यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर होता. हा थर युरिक आम्लाचा. आपण जे मूत्रावाटे टाकतो ते पक्षी युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. कावळ्याच्या शिटेतला पांढरा भाग तोच. मूत्रपिंडं बंद पडली की हे आम्ल रक्तात साठतं आणि आतल्या अवयवांवर त्याचे खडे धरतात. मग प्रश्न उरला, मूत्रपिंडं कशाने बंद पडली? विषाणू सापडेना, जड धातू सापडेनात. तेव्हा त्यांनी अगदी साधी गोष्ट केली. गिधाडं खातात काय, तर मेलेली गुरं. मग गुरांना लोक देतात काय? पशुवैद्यक आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकेल असं, सगळीकडे खपणारं एक औषध हाती लागलं: डायक्लोफिनॅक.

कंबर धरली, गुडघा दुखला की आपण घेतो तेच हे वेदनाशामक. असा थर धरून मेलेल्या ज्या ज्या गिधाडाची तपासणी केली त्या प्रत्येकाच्या मूत्रपिंडात ते सापडलं. दुसऱ्या कारणाने मेलेल्यांत सापडलं नाही. हा निष्कर्ष जानेवारी २००४ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

आता यात शेतकऱ्याचं काय चुकलं? काहीच नाही. बैल लंगडतोय, गाईला कासदाह झालाय, अंगात ताप आहे; डॉक्टर इंजेक्शन देतो, जनावराचं दुखणं कमी होतं. १९९४ च्या सुमारास पेटंटची मुदत संपली, स्थानिक कंपन्यांची स्वस्त औषधं बाजारात आली आणि जे औषध गुरांसाठी परवडत नव्हतं ते गोठ्यात पोचलं. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांत जनावर मेलं तर औषध त्याच्या मांसात राहतं. एका मढ्यावर शंभर गिधाडं उतरणार. संशोधकांनी हिशेब केला तर निघालं, की शंभरातल्या एकाहूनही कमी मढ्यांत घातक प्रमाणात औषध असलं तरी गिधाडांचा असा निर्वंश व्हायला ते पुरेसं आहे. त्यातून गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. खर्च घाऊक आणि भरणा किरकोळ, मग खातं बुडणारच.

इथपर्यंतची गोष्ट पक्षिमित्रांना ठाऊक आहे. फ्रँक आणि सुदर्शन यांचं काम इथून पुढे सुरू होतं, आणि त्यातली खरी गंमत मला त्यांच्या मोजण्याच्या रीतीत वाटते.

समजा एकाच शिवारात दोन भावांची शेतं आहेत. पाऊस तोच, बाजारभाव तोच, आणि गेली दहा वर्षं दोघांचं उत्पन्न सारखंच वरखाली होत आलंय. एका वर्षी थोरल्याच्या शेताचा बांध फुटतो. त्यानंतर त्याचं उत्पन्न मागे पडू लागतं. बांध फुटल्यामुळे नुकसान किती झालं हे कसं काढाल? थोरल्याचं आधीचं आणि नंतरचं उत्पन्न नुसतं ताडून चालणार नाही, कारण मध्ये दुष्काळही पडला असेल. धाकट्याचं त्याच काळात काय झालं तेही पाहावं लागेल. धाकट्याचंही थोडं घटलं असेल तर तेवढी घट दुष्काळाची. थोरल्याची त्याहून जास्त जी घट उरते ती बांधाची. दोन फरकांमधला फरक काढायचा, एवढीच ही युक्ती, आणि अर्थशास्त्रात ती रोजच्या वापरातली आहे. तिला एकच अट आहे. बांध फुटण्याआधी दोघे भाऊ खरोखरच बरोबरीने चाललेले असले पाहिजेत. नाहीतर तुलनाच पोकळ.

इथे शेतं म्हणजे जिल्हे. गिधाडं देशात सगळीकडे सारखी नव्हती. पक्ष्यांच्या वावराचे नकाशे घेऊन या दोघांनी जिल्हे वेगळे केले: जिथे गिधाडांचं चांगलं बस्तान होतं ते, आणि जिथे मुळातच ती विरळ होती ते. बांध फुटला १९९४ च्या सुमारास, म्हणजे स्वस्त डायक्लोफिनॅक गोठ्यात आलं तेव्हा. त्याआधी दोन्ही गटांतले मृत्युदर साधारण बरोबरीने चालत होते. नंतर फाटा फुटला. जिथे गिधाडं होती आणि गेली, त्या जिल्ह्यांतला मृत्युदर दुसऱ्या गटाच्या तुलनेत चार टक्क्यांहून अधिक वाढला. ही वाढ जिल्ह्यांच्या लोकसंख्येवर पसरली की २००० ते २००५ या काळात वर्षाला सुमारे १ लाख ४ हजार मृत्यू होतात. पाच लाख आले ते असे.

चार टक्के म्हणजे किती हे गावाच्या मापाने पाहू. समजा लाखभर वस्तीच्या तालुक्यात वर्षाला ९०० माणसं मरतात. चार टक्के वाढ म्हणजे ९०० ची ९३६ झाली. तालुक्यात कुणाच्या लक्षात येईल? सरकारी डॉक्टरच्या नाही, स्मशानात लाकडं पुरवणाऱ्याच्या नाही, पत्रकाराच्या तर नाहीच. एखाद्या वर्षी थंडी कडक पडली तरी एवढा फरक पडतो. म्हणून ही गोष्ट घडत असताना दिसली नाही. ती दिसायला शेकडो जिल्हे आणि पुष्कळ वर्षं शेजारी शेजारी मांडावी लागली.

आणखी एक बारकावा. 'जास्तीचे मृत्यू' याचा अर्थ गिधाडं असती तर जेवढे झाले असते त्याहून जास्त. ही पाच लाख माणसं नावानिशी दाखवता येत नाहीत. अमुक गावचा अमुक गिधाडांअभावी गेला असं म्हणता येत नाही. सिगारेटमुळे दरवर्षी इतके मृत्यू होतात असं आपण म्हणतो तेही याच जातीचं विधान असतं, फक्त त्याची आपल्याला सवय झालेली आहे.

बरं, गिधाडं गेल्यामुळेच हे झालं कशावरून? त्याच काळात त्या जिल्ह्यांत दुसरंही काही घडलं असेल. ही शंका लेखकांनाही होती. म्हणून ते नुसत्या मृत्यूंवर थांबले नाहीत, मधल्या पायऱ्या शोधत गेले. मढी पडून राहिली की ती कोण खाणार? कुत्री आणि उंदीर. पण कुत्रं गिधाडासारखं साफ करत नाही. निम्मं खातं, निम्मं सडू देतं, शिवाय पिसाळतं. गिधाडांच्या जिल्ह्यांत रेबीजच्या लशीची विक्री वाढलेली दिसली, कुत्र्यांची संख्या जास्त दिसली. नद्या-नाल्यांच्या पाण्यात विष्ठेतले जिवाणू वाढलेले आणि विरघळलेला प्राणवायू घटलेला दिसला, म्हणजे सडणारं काहीतरी पाण्यात उतरत होतं. आणि परिणाम सर्वांत ठळक कुठे? पशुधन भरपूर असलेल्या शहरी भागांत, जिथे मढी टाकायच्या जागा थेट वस्तीच्या कडेला येतात. गिधाडांचाच संबंध असेल तर हेच दिसायला हवं होतं.

तरी इथे मला थोडं थबकायला होतं. अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याच विषयावर वेगळ्या रीतीने हिशेब केला होता. त्यांनी फक्त कुत्र्यांचा धागा धरला: १९९२ ते २००६ या काळात ५५ लाख कुत्री वाढली, ३ कोटी ८५ लाख जास्तीचे चावे झाले आणि रेबीजने साधारण ४८ हजार माणसं जास्त मेली. म्हणजे सरासरीने वर्षाला तीन-साडेतीन हजार. नव्या निबंधात वर्षाला लाखावर. दोन्ही बरोबर असतील, तर या मृत्यूंपैकी रेबीजचा वाटा अगदी लहान. बाकीचे पाण्यातून आणि मढ्यांवरच्या इतर रोगजंतूंतून आलेले असणार. ते पटण्यासारखं आहे, पण या साखळीच्या सगळ्या कड्या सारख्याच घट्ट नाहीत. पाणी बिघडलं हे दिसतं. बिघडलेल्या पाण्याने नेमक्या कोणत्या रोगाने किती माणसं मेली ते एवढं स्वच्छ दिसत नाही. मी या निबंधाची दिशा निःशंक मानतो. आकडा मात्र चाळीस हजारांनी इकडेतिकडे झाला तर मला नवल वाटणार नाही.

पैशाचा आकडाही बातम्यांत होता, वर्षाला ६९.४ अब्ज डॉलरचं नुकसान. हा कुणाच्या खिशातून गेलेला पैसा नाही. धोक्याचं काम पत्करायला माणसं किती जादा मजुरी मागतात, अशा गोष्टींवरून अर्थशास्त्रज्ञ एका जिवाची एक हिशेबी किंमत काढतात. भारतासाठी इथे ती साधारण ६ लाख ६५ हजार डॉलर धरली आहे. तिला वर्षाच्या मृत्यूंनी गुणलं की ६९.४ अब्ज. मंत्रालयात फाइल हलवायची तर असा आकडा लागतो, त्यापलीकडे मला त्यात फारसं काही सापडलं नाही.

त्यापेक्षा निबंधात न आलेली एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला चटकन आठवावी. मेलेलं ढोर ओढून नेण्याचं काम आपल्या गावांनी जातीवर लादलेलं होतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस खाणं सोडा असं आवाहन केलं, आणि पुढे हे ओढण्याचं कामच नाकारणं हा आत्मसन्मानाच्या लढ्याचा भाग झाला. म्हणजे मढ्याची विल्हेवाट हे गावाचं, नगरपालिकेचं स्वतःचं काम आहे असं आपण कधी मानलंच नाही. अर्धं काम माणसांवर लादलं, उरलेलं पक्ष्यांवर सोडलं. माणसांनी रास्तपणे नकार दिला, पक्षी मेले, आणि पर्यायी व्यवस्था तर कधी उभीच केलेली नव्हती. जनावरं जाळण्याच्या भट्ट्या महाग, त्या मोजक्याच ठिकाणी. याचा एक चटका मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीलाही बसला. पारशी समाजाच्या अंत्यविधीत गिधाडांचं काम धर्माने ठरवून दिलेलं; ती येईनाशी झाल्यावर तिथे सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले.

एयाल फ्रँक यांनी हीच रीत अमेरिकेतही वापरली आहे. तिथे २००६ मध्ये वटवाघळांत बुरशीचा एक रोग दिसला आणि वटवाघळं झपाट्याने मेली. ती किडे खात, म्हणून शेतकऱ्यांनी कीटकनाशकांची फवारणी ३१ टक्क्यांनी वाढवली, आणि त्या परगण्यांत बालमृत्यू जवळपास ८ टक्क्यांनी वाढले. तेही निष्कर्ष २०२४ मध्येच 'सायन्स'मध्ये आले.

आपल्याकडे २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना बाधत नाही हेही संशोधनातून दिसलं, म्हणजे जनावराचं दुखणं सोसू द्या असं कुणी शेतकऱ्याला सांगत नव्हतं. पण बंदीला पळवाट होती. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या मेडिकलमध्ये मिळत आणि त्यातूनच गुरांना टोचणं चालू राहिलं. २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरची, एका मात्रेपुरती करण्यात आली. तोवर एसिक्लोफिनॅक आलं होतं, जे गुराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनतं! त्यावर आणि केटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडलं, मग निमेसुलाइडवर आली. बाजारात आधी येतं, गिधाडं मरतात, मग तपासणी आणि मग बंदी, असा हा क्रम आहे. नवं औषध गुरांसाठी विकायला परवानगी देण्याआधीच ते गिधाडांना चालतं का ते तपासा, ही अभ्यासकांची जुनी मागणी आहे आणि मला ती अत्यंत माफक वाटते.

हरियाणात पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास होते; केंद्राला नाव जटायूचंच आहे. तिथली गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबाला आणली गेली. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला गावकऱ्यांनी गिधाडांची घरटी असलेली झाडं राखली आहेत. रायगड, नाशिक, गडचिरोली भागांत 'गिधाडांची उपाहारगृहं' आहेत. मेलेलं जनावर ठरावीक जागी आणून ठेवायचं, म्हणजे पक्ष्यांना निर्धोक खाणं मिळतं. निर्धोक हा शब्द महत्त्वाचा. त्यामुळे तिथे मढं घेण्याआधी मालकाला एक प्रश्न विचारावा लागतो: मरायच्या आधीच्या आठवड्यात याला कोणतं इंजेक्शन दिलं होतं, दादा?